चुटक्याच्या भट्टीला कॅनडाचे आकडे पुरणार नाहीत

गंभीर अपघातांच्या संशोधनाचा बहुतेक प्रायोगिक पाया हलक्या पाण्याच्या अणुभट्ट्यांवर घातला गेला आहे. फ्रान्समधील कादाराश येथे १९९३ ते २००४ या काळात झालेल्या फेब्यूस एफपी प्रयोगांत इंधनकांड्यांचे जुडगे वितळवून विखंडन-उत्पादिते मोजली गेली. अशा मापांवरच ‘आस्टेक’सारखे संगणकीय कोड तावूनसुलाखून घेतले गेले. तो कोड पुढे नेणाऱ्या ‘सेसॅम’ या युरोपीय प्रकल्पात (२०१३–१७) भाभा अणुसंशोधन केंद्रही होते. तारापूरच्या १९६९ सालच्या दोन युनिटांना हा अनुभव जवळचा आहे. ती फुकुशिमाप्रमाणेच उकळत्या पाण्याची आहेत.

देशातल्या बहुतेक भट्ट्या मात्र जड पाण्याच्या आहेत. मध्य प्रदेशात, मंडला जिल्ह्यातील चुटका येथे आखलेल्या ७०० मेगावॉटच्या दोन्ही भट्ट्याही त्याच जातीच्या. त्यांत अपघात वेगळ्या वाटेने जातो. डिझेलसह सगळी वीज गेली की बाष्पजनित्रे आटतात आणि आडव्या नळ्या कोरड्या पडतात. तापलेली प्रेशर ट्यूब वाकून किंवा फुगून कलान्ड्रिया ट्यूबला टेकते, तशी उष्णता भोवतीच्या मंदायकात, म्हणजे जड पाण्यात, उतरते. मंदायक उकळून आटला की नळ्या तळाशी कोसळतात. तरीही भोवतीच्या व्हॉल्टमधले पाणी कलान्ड्रियाला, म्हणजे नळ्या सामावणाऱ्या टाकीला, बाहेरून थंड ठेवते. हे दोन जलसाठे ऑपरेटरला वेळ मिळवून देतात. किती वेळ, हाच कळीचा प्रश्न आहे.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने याच प्रश्नावर कॅनडा, चीन, भारत, कोरिया आणि रोमानिया यांचे कोड ताडून पाहिले. अहवाल २०१३ मध्ये निघाला. प्रसंग एकच होता, कॅनडाच्या कॅन्डू-६ या जड पाण्याच्या भट्टीतील स्टेशन ब्लॅकआउटचा, म्हणजे सगळी वीज जाण्याचा. तरी गाभा कोसळू लागल्यावर उत्तरे फाकत गेली, कारण त्या टप्प्यावरची प्रायोगिक मापे तोकडी आहेत. त्यातच भारतीय ७०० मेगावॉटची भट्टी म्हणजे कॅन्डू-६ नव्हे. तिच्या नळ्या ३८० नसून ३९२ आहेत आणि विजेविना क्षय-उष्णता काढणारी यंत्रणा तिच्यात आहे. काक्रापारचे तिसरे युनिट २०२३ पासून व्यापारी वीज देत आहे. या रचनेवर तसाच खुला, बहुदेशीय बेंचमार्क हवा. भागीदारांपुरत्या अहवालांवर भट्टीपासून १६ किलोमीटरच्या आतली गावे कधी हलवायची, हे कोणत्याही जिल्हाधिकारी कार्यालयाला ठरवता येणार नाही.

ट्रॉम्बेचे भाभा केंद्र आणि न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन यांतील विश्लेषकांनी गृहीतके, नोडलायझेशन आणि अनिश्चिततेचे पट्टे यांसह निकाल प्रसिद्ध करावेत. नियामक मंडळाने ते चुटक्याच्या परवान्याआधी मागून घ्यावेत. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी नळ्या वाकण्या-कोसळण्याचे प्रयोग हाती घ्यावेत. काँक्रीट पडण्याआधी हे आकडे हाती आले, तरच ते रचनेत उतरवता येतील.