सहीचा अधिकार

पुण्यातील एखाद्या मुलाने फेब्रुवारी २०१७ च्या अखेरीस वयाची १८ वर्षे पूर्ण केली असतील, तर त्याची महापालिकेच्या मतदानाची संधी अवघ्या आठवड्याने हुकली. कारण मतदान २१ फेब्रुवारीला होऊन गेले होते. पुढची संधी त्याला मिळाली १५ जानेवारी २०२६ रोजी. तेव्हा तो २७ वर्षांचा होत आला होता. मधल्या काळात त्याने लोकसभेसाठी दोनदा मत दिले आणि विधानसभेसाठीही दोनदा. दिल्लीत आणि मुंबईत कोणी बसावे हे त्याने ठरवले. घरासमोरच्या उघड्या चेंबरवर झाकण कोणी बसवावे, हे मात्र त्याला कोणी विचारले नाही.

पहिली पाच वर्षे नियमानुसार गेली, असे म्हणता येईल. पण मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षे शहराचा कारभार प्रशासकाने पाहिला. जून २०२१ मध्ये हद्दीत आलेल्या २३ गावांची तर तऱ्हाच वेगळी. ग्रामपंचायत गेली, महापालिका आली. परंतु आपला म्हणावा असा नगरसेवक निवडायला २०२६ साल उजाडावे लागले.

मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले ते १९८९ मध्ये. १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान दिले आणि २१ व्या वर्षी नगरसेवक होण्याचा मार्ग खुला ठेवला. कागदावर तरुणांवर एवढा विश्वास! आणि व्यवहारात? महाविद्यालयांतील खुल्या निवडणुका १९९४ च्या कायद्याने बंद झाल्या. गुणवत्ता यादीतून प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. हिंसाचाराचे कारण खरे होते, हे मान्य. २०१६ च्या कायद्याने दार पुन्हा उघडले, पण २०१९ मध्ये ठरलेल्या निवडणुका ऐनवेळी लांबणीवर पडल्या. म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी निवडायची सवय नाही आणि वॉर्डाचा निवडायची संधी नाही. मग 'तरुणांना शहराचे काही पडलेले नाही' ही तक्रार आपण कोणत्या तोंडाने करतो?

पुण्यात तरुणांना कारभार शिकवणारी एक शाळा आहे, ती म्हणजे गणेश मंडळ. वर्गणी, मांडवाचा परवाना, पोलीस चौकी, वीजजोडणी, शेवटी जमाखर्च. कित्येक नगरसेवक याच शाळेतून बाहेर पडले. पण या शाळेत मुलींना आरतीच्या ताटापलीकडे फारसे काही मिळत नाही आणि बाहेरगावाहून आलेल्या मुलाला प्रवेश मिळणेच कठीण. सदाशिव-नारायण पेठेतील अभ्यासिकांत जाऊन पाहा. लातूर-बीडकडची मुले-मुली ७४ वी घटनादुरुस्ती कलमांसह पाठ करीत असतात. त्यांतील बहुतेकांचे मत गावाकडे. वर्षानुवर्षे ती या शहराचे पाणी पितात, येथील फुटपाथवरून ठेचकाळत चालतात. पण क्षेत्रीय कार्यालयाच्या दृष्टीने ती अस्तित्वातच नाहीत.

अशा मुलांसाठी महापालिकेने युवा परिषद नेमावी, असे सुचवले की दोन प्रतिक्रिया येतात. एक, ही नेत्यांच्या चिरंजिवांची सोय होईल. दुसरी, तो आणखी एक समारंभ होईल. फेटे, भाषणे, प्रमाणपत्रे आणि छायाचित्र. दोन्ही शंका रास्त आहेत. म्हणून परिषद असावी की नसावी यापेक्षा तिला अधिकार कोणता, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

मी आयुष्याची तीसेक वर्षे बँकेत काढली. तेथे बावीस-तेवीस वर्षांच्या नव्या अधिकाऱ्याला जबाबदारीवर व्याख्यान कोणी देत नसे. काही दिवसांतच तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक त्याच्या हाती येई, दुसरी हेड कॅशियरकडे. दोघे हजर असल्याशिवाय तिजोरी उघडायची नाही. कर्जमंजुरीची त्याची मर्यादा छोटी असे, पण त्या मर्यादेत सही त्याची आणि जाबही त्यालाच. संध्याकाळी हिशेब जुळला नाही तर घरी जायला रात्र होई. मुले जबाबदार झाली म्हणून किल्ली मिळत नसे. किल्ली मिळाली म्हणून ती जबाबदार होत.

शहरालाही हे जमण्यासारखे आहे. अमेरिकेतील बोस्टनने २०१४ मध्ये दहा लाख डॉलर बाजूला काढले आणि ते कशावर खर्चावेत हे १२ ते २५ वयोगटातील मुलांना ठरवू दिले. आपल्याकडे पाया तयार आहे. पुणे महापालिकेने २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून नागरिकांकडून कामे सुचवून घ्यायला सुरुवात केली होती. त्यातीलच ठरावीक रक्कम प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या युवा परिषदेकडे द्यावी. सभासद १६ ते २५ वयाचे, निम्म्या मुली. मतदारयादीची अट नको, वास्तव्य पुरे. निवड अर्जदारांतून चिठ्ठ्या टाकून व्हावी, म्हणजे चिरंजिवांचाही नंबर नशिबानेच लागेल. दुसरी किल्ली अर्थातच अभियंत्याकडे. कामाची योग्यता त्याने तपासावी. वर्षाअखेरीस परिषदेने जाहीर सभेत हिशेब वाचून दाखवावा. याशिवाय प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत सभासद घेण्याची तरतूद कायद्यात आहेच. त्यांतील एक जागा पंचविशीच्या आतल्या मतदाराला द्यायला नव्या कायद्याची गरज नाही, इच्छेची आहे.

त्यांच्या हातून पैसे वाया जातील का? थोडे जातील. दर दोन वर्षांनी तोच फुटपाथ उखडून नवे ब्लॉक बसवणारे सारे पंचविशीच्या आतले होते, असे मात्र कोणी म्हणणार नाही.

याच शहरात १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले, तेव्हा चिपळूणकर २९ वर्षांचे होते आणि टिळक २३ वर्षांचे. अनुभव किती, असे पुणेकरांनी तेव्हाही विचारले असेलच. आजच्या तेवीस वर्षांच्या मुलीने शाळा काढावी अशी अपेक्षा नाही. आपल्या गल्लीतला दिवा कोठे लागावा, एवढे ठरवून त्या कागदावर तिला सही करता यावी.