कमरेचा घेर आणि धमन्यांचे काठिण्य
भातगिरण्यांनी ज्याची ख्याती सर्वदूर नेली, त्या गोंदिया जिल्ह्यात कांडण-मळणीचे कष्ट यंत्रांनी उचलले, पण ताटातील पांढऱ्या भाताची रास तशीच राहिली, तर वाढता घेर, रक्तदाब, रक्तशर्करा व मेद यांची युती जमते. आणि ती जमली, की धमन्यांतील लवचीक तंतू झिजून ताठर तंतू माजतात व नाडीच्या प्रत्येक ठोक्याचा आघात हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडांना सोसावा लागतो. ही हानी निमूटपणे होते. म्हणून पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरांपलीकडचा घेर हाच इशारा मानावा. मापनफीत व रक्तदाबयंत्राची तजवीज आमगावपासून अर्जुनी मोरगावपर्यंत प्रत्येक उपकेंद्रात करून, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची नोंद दप्तरी ठेवण्याचा हुकूम जिल्हा परिषदेने विनाविलंब काढावा.