सातबाऱ्यावरचं नाव, सर्व्हरवरचं नाव

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे शेतकऱ्याच्या हातात मोबाईल आला की सगळं सुधारेल, असं कुणी म्हणालं की मला आधी प्रश्न पडतो : ही यंत्रणा शेतकरी म्हणते तरी कुणाला?

महाराष्ट्रात २०२१ मध्ये ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्यानं शेतात उभं राहून फोटो काढायचा आणि आपलं पीक स्वतः नोंदवायचं. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत थेट खात्यात येतात. त्यासाठी ई-केवायसी लागते. एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी अ‍ॅग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. यातले फायदे खरे आहेत. सातबारा घरबसल्या मिळतो, तलाठ्याकडचे हेलपाटे वाचतात.

पण फायदा आधी त्याला मिळतो, ज्याचं नाव कागदावर आधीपासून आहे. बटाईनं किंवा ठोक्यानं जमीन कसणाऱ्याचं नाव मालक म्हणून सातबाऱ्यावर नसतं. घाम त्याचा, हप्ता मालकाचा. शेतात राबणाऱ्या बाईचंही तेच. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांपैकी स्त्रिया जेमतेम १४ टक्के होत्या. बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची रीत सगळ्याच समाजांत आहे, आपल्याही. जुना अन्याय कागदावरून सर्व्हरवर गेला की आणखी पक्का होतो, कारण मग त्याला डेटा म्हणतात.

दुसरी अडचण नावांची. सातबाऱ्यावर ‘महंमद’, आधारवर ‘मोहम्मद’, पासबुकात नुसतं ‘मो.’. ‘शेख’ एके ठिकाणी आधी, दुसरीकडे शेवटी. गावातल्या कुणालाही हा एकच माणूस आहे हे कळतं. कॉम्प्युटरसाठी मात्र हे तीन वेगळे शब्द. किती फरक चालवून घ्यायचा, हे नियम ठरवणारा आणि प्रोग्राम लिहिणारा ठरवतो. म्हणून ‘सिस्टीम घेत नाही’ हे उत्तर अपुरं आहे. सिस्टीम माणसांनीच बनवली आहे.

एवढ्याशा फरकापायी हप्ता अडकतो. मग मजुरी बुडवून सेवा केंद्राच्या रांगेत उभं राहायचं, बियाणं उधारीवर आणायचं, रात्रभर काळजी करायची. ज्याच्या घरात शिकलेला मुलगा आहे तो यातून सुटतो. एकट्या बाईनं काय करायचं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागातल्या चारपैकी एकाच स्त्रीनं कधी तरी इंटरनेट वापरलं होतं.

मला यावर अ‍ॅप बंद करा असं म्हणायचं नाही. प्रत्येक डिजिटल सेवेला गावातच कागदी पर्याय हवा. अर्ज नाकारला तर कारण मराठीत लेखी द्यावं आणि दुरुस्तीला मुदत असावी. बटाईदाराची नोंद मालकाच्या मर्जीवर राहू नये.

तोवर आपल्या हातात काही आहे. सुट्टीत गावी जाल तेव्हा सातबारा, आधार आणि पासबुक शेजारी ठेवून नावं ताडून पाहा. शेजारच्या एकट्या राहणाऱ्या चाचींचीही पाहा. आणि बहिणीचं नाव सातबाऱ्यावर आहे का, तेही बघा. ते चढवायला कुठल्या अ‍ॅपची वाट पाहावी लागत नाही.