गाव करी, पण केव्हा?

आपल्या भाषेत 'फुकट' आणि 'मुक्त' हे दोन निराळे शब्द आहेत, हे आपले भाग्यच म्हटले पाहिजे. इंग्रजीत या दोन्ही अर्थांना 'फ्री' हा एकच शब्द पुरवून पुरवून वापरावा लागतो. आणि त्या एका शब्दापायी संगणकाच्या क्षेत्रातील एका मोठ्या चळवळीला गेली चाळीस वर्षे आपला हेतू पुनःपुन्हा समजावून सांगावा लागत आहे. ही चळवळ मुक्त सॉफ्टवेअरची, आणि तिचे सर्वांत प्रसिद्ध फळ म्हणजे लिनक्स.

हा विषय केवळ तंत्रज्ञांचा आहे असे आमच्या काही वाचकांस वाटेल. परंतु ज्या घरात अँड्रॉइडचा फोन आहे, त्या घरात लिनक्स येऊन बसलेले आहे. घरच्यांना त्याचे नाव ठाऊक नसेल इतकेच. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते. एवढी मोठी गोष्ट कोणा एका धन्याच्या मालकीची नाही आणि ती उभारण्यासाठी प्रारंभी कोणी भांडवल घातले नव्हते. 'गाव करी ते राव न करी' ही म्हण येथे सहज आठवते. पण आपल्याकडे 'बारभाईंची शेती, काय लागेल हाती' अशीही म्हण आहे, आणि तीही अनुभवातूनच आलेली आहे. लिनक्सच्या वाट्याला पहिली म्हण आली, दुसरी आली नाही, ती का, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

प्रथम मूळ कल्पना. कोणतीही आज्ञावली माणूस आधी त्याला वाचता येईल अशा भाषेत लिहितो. तिला 'सोर्स कोड' म्हणतात. मग तिचे यंत्राला कळेल अशा आकड्यांत रूपांतर होते. बाजारात बहुधा हे रूपांतरच विकले जाते. विणलेला स्वेटर हाती यावा, पण टाक्यांचा नमुना विणणारीने कुलुपात ठेवावा, असा हा प्रकार आहे. स्वेटर अंगात घालता येतो. बाही तोकडी पडली तर मात्र पुन्हा तिच्याच दारी जावे लागते. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे स्वेटरबरोबर नमुनाही देणे, आणि तो बदलण्याची व दुसऱ्यास देण्याची मुभाही देणे. त्यासाठी कोणी दाम घेतले तरी मुक्तपणास बाध येत नाही.

हा विचार मांडणारे गृहस्थ म्हणजे अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करणारे रिचर्ड स्टॉलमन. तेथे झेरॉक्स कंपनीकडून एक नवा छपाईयंत्राचा संच आला. त्यात कागद वरचेवर अडके. जुन्या यंत्राच्या आज्ञावलीत स्टॉलमन यांनी अशी सोय केली होती की कागद अडकताच संबंधितांना सूचना जावी. नव्या यंत्राचा सोर्स कोड मात्र मिळेना. ज्याच्याजवळ तो होता त्या संशोधकास ते जाऊन भेटले. पण त्याने गुप्ततेचा करार केला होता, म्हणून त्याने नकार दिला. अडकलेल्या कागदाची ही क्षुल्लक गोष्ट स्टॉलमन यांच्या मनाला लागून राहिली. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी 'ग्नू' नावाची संपूर्ण मुक्त संगणक-प्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला आणि १९८५ मध्ये त्यासाठी संस्था स्थापन केली.

त्यांची सर्वांत मोलाची निर्मिती आमच्या मते एखादी आज्ञावली नसून एक परवाना आहे. १९८९ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या या 'जी.पी.एल.' परवान्यात लेखाधिकाराच्या कायद्याचाच आधार घेऊन त्याचा रोख उलट फिरविला आहे. तो म्हणतो : ही आज्ञावली वापरा, वाचा, बदला, विका, मात्र बदललेली आज्ञावली दुसऱ्यास द्याल तेव्हा हेच सर्व हक्क त्यालाही द्या. सार्वजनिक विहिरीचे पाणी कोणीही न्यावे, पण तिला कोणी कुंपण घालू नये, असाच हा नियम आहे.

ग्नूची बहुतेक साधने तयार झाली, तरी सर्व यंत्रणा चालविणारा गाभा, ज्यास 'कर्नल' म्हणतात, तो काही होईना. तो आला फिनलंडमधून. लिनस टॉरवाल्ड्स हा हेलसिंकी विद्यापीठाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी. आपल्या वाचकांना त्याच्याविषयी विशेष आपलेपणा वाटावा असा एक तपशील आहे : तो फिनलंडमधील स्वीडिश भाषिक अल्पसंख्य समाजातला. घराबाहेर फिनिश, घरात स्वीडिश, आणि आजोबा ओले टॉरवाल्ड्स हे त्या भाषेतले कवी व पत्रकार. घरची भाषा एक आणि गावाची दुसरी असणे म्हणजे काय, हे इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथील मराठी माणसास सांगावयास नको.

जानेवारी १९९१ मध्ये या तरुणाने हप्त्यांवर एक संगणक घेतला. त्यावर तो 'मिनिक्स' ही अध्यापनासाठी रचलेली प्रणाली वापरू लागला, आणि तिच्यातील उणिवा त्यास जाणवू लागल्या. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने मिनिक्स वापरणाऱ्यांच्या इंटरनेटवरील मंडळास कळविले की आपण केवळ हौसेखातर एक प्रणाली रचत आहोत, ती ग्नूसारखी मोठी होणार नाही, आणि कोणाला काय हवे ते सुचवावे. पुढच्याच महिन्यात त्याने सुमारे दहा हजार ओळींची पहिली आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. तिला 'फ्रिक्स' असे नाव देण्याचा त्याचा विचार होता. परंतु ज्याने ती आपल्या विद्यापीठातील संगणकावर ठेवून दिली त्या आरी लेम्के नावाच्या सहकाऱ्यास ते नाव रुचले नाही, आणि त्याने 'लिनक्स' असे नाव घातले.

त्या पहिल्या दिवसांतील मंडळी म्हणजे निरनिराळ्या देशांतले विद्यार्थी आणि हौशी जाणकार. एकमेकांना पाहिलेले नाही, पगार नाही. कोणी दोष कळवी, कोणी दुरुस्ती लिहून पाठवी. पैसे पाठवू का, असे कोणी विचारले तर लिनस म्हणे, त्यापेक्षा आपल्या गावाचे चित्र असलेले एक पोस्टकार्ड पाठवा. आणि खरोखरच देशोदेशींची पोस्टकार्डे त्याच्या घरी येऊ लागली. पुढे त्याच्या संगणकाचे उरलेले हप्तेही या मंडळींनी वर्गणी काढून फेडले. मार्च १९९४ मध्ये १.० ही आवृत्ती निघाली तेव्हा दहा हजार ओळींच्या पावणेदोन लाखांहून अधिक ओळी झाल्या होत्या. आपल्या देशात त्या दशकात टेलिफोनच्या तारेवरून एवढा ऐवज उतरवून घेणे दुरापास्त होते. तेव्हा संगणकविषयक मासिकाबरोबर आलेली सीडी हाच लिनक्सचा प्रवेशमार्ग होता, आणि ती एका घरातून दुसऱ्या घरात राजरोसपणे फिरे. या फिरण्यास कायद्याची आडकाठी नव्हती, हेच तिचे वैशिष्ट्य.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ही बारभाईंची शेती का झाली नाही?

आमच्या मते याची दोन कारणे आहेत. पहिले, नियम. लिनसने आरंभी स्वतःचा एक परवाना लावला होता व त्यात पैसे घेऊन वाटपास मनाई होती. १९९२ च्या आरंभी त्याने तो सोडून जी.पी.एल. स्वीकारला. त्यामुळे व्यापाऱ्यांना दार उघडले, आणि त्याचबरोबर कोणी व्यापारी ही वस्तू आपल्या कोठारात बंद करू शकणार नाही, अशीही तजवीज झाली. आपल्या श्रमाचे फळ उद्या कोणी बळकावील ही धास्ती उरली नाही, म्हणून माणसे मोकळ्या मनाने देऊ लागली. औदार्याला नियमाचे कुंपण लागते, हे विधान विचित्र वाटले तरी येथे खरे ठरले आहे.

दुसरे कारण म्हणजे 'नाही' म्हणणारा माणूस. लिनक्समध्ये बदल सुचविण्याचा हक्क सर्वांना आहे. तो स्वीकारण्याचा अधिकार मात्र थोड्यांकडे आहे. प्रत्येक भागाचा एक सांभाळकर्ता असतो, आणि सर्वांच्या वर लिनस. मग हा नवा रावच झाला की काय? तसे नाही. ज्याला हा कारभार पसंत नाही त्याने सर्व सोर्स कोड घेऊन वेगळी चूल मांडावी, अशी परवान्यानेच मुभा दिली आहे. सोडून जाण्याची वाट मोकळी असल्यामुळे कारभाऱ्याला मनमानी करता येत नाही. आपल्या कित्येक मंडळांच्या घटनांत ही तरतूद असती तर पुष्कळ कलह टळले असते, असे आम्हांस वाटल्यावाचून राहत नाही.

या समाजाचे दोषही सांगितले पाहिजेत. जानेवारी १९९२ मध्ये मिनिक्सचे कर्ते, ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाम यांनी लिनक्सची रचना कालबाह्य असल्याची टीका केली. लिनसने त्यांना अतिशय झोंबणारे उत्तर दिले. नंतर त्या भाषेबद्दल क्षमाही मागितली. रचनेविषयीचे प्राध्यापकांचे काही आक्षेप वजनदार होते. परंतु मिनिक्स तेव्हा प्रकाशकाच्या परवान्याने बांधलेले होते आणि अध्यापनासाठी ते लहानच राहावे अशी त्यांची इच्छा होती, तर लिनक्समध्ये ज्याला जे हवे ते जोडता येत होते. वाद असा मिटला, पण जिभेची ती धार तशीच राहिली. चुकीचे काम पाठविणाऱ्यांचा चारचौघांत पाणउतारा करणे हा पुढे तेथे रिवाजच झाला. सप्टेंबर २०१८ मध्ये लिनसने याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त करून काही काळ कामातून विश्रांती घेतली. स्पष्टवक्तेपणाच्या नावाखाली किती नवखी माणसे दारातूनच परत गेली असतील, याची मोजदाद कोण करणार?

१९९८ मध्ये 'ओपन सोर्स', म्हणजे मुक्तस्रोत, हे नवे नाव आले. 'फ्री' शब्दाला बिचकणाऱ्या उद्योजकांना जवळ करणे हा त्यामागील हेतू. स्टॉलमन यांना ते रुचले नाही; स्वातंत्र्याची गोष्ट सोयीची झाली, असे त्यांचे म्हणणे. व्यवहार मात्र नव्या नावाच्या मागे गेला. २००१ मध्ये ज्या मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली, त्याच कंपनीने २०१८ मध्ये मुक्त आज्ञावलींचे सर्वांत मोठे भांडार असलेले 'गिटहब' विकत घेतले. आज लिनक्सच्या गाभ्यावरील बहुतांश काम कंपन्यांचे पगारी अभियंते करतात. यात आम्हांस अधःपात दिसत नाही. श्रमाला दाम मिळणे योग्यच आहे. चिंता आहे ती ज्यांना दाम मिळत नाही त्यांची.

एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' हा दोष उघडकीस आला. इंटरनेटवरील व्यवहार गुप्त राखणाऱ्या 'ओपनएसएसएल' या मुक्त आज्ञावलीत तो सुमारे दोन वर्षे दडून होता. तिच्यावर बड्या बड्या कंपन्यांचे व्यवहार अवलंबून होते, आणि तिला वर्षाकाठी देणग्या मिळत सुमारे दोन हजार डॉलर! मार्च २०२४ मधील प्रकरण तर याहून गंभीर. 'एक्सझेड' या लहानशा पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनाचा भार अनेक वर्षे एकच गृहस्थ विनावेतन वाहत होते. थकल्याचे त्यांनी स्वतः लिहिलेही होते. अशा वेळी टोपणनावाने एक 'मदतनीस' आला, दोन वर्षांहून अधिक काळ नेकीने काम करून त्याने विश्वास मिळविला, आणि मग त्या साधनात चोरदरवाजा बसविला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपल्या संगणकावर दूरस्थ प्रवेशाला अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढेच खटकले; त्यांनी मुळाशी जाऊन शोध घेतला, म्हणून अनर्थ टळला. सोर्स कोड खुला होता म्हणून शोध लागला हे खरे; पण त्या थकलेल्या माणसाच्या मदतीला गावातले कोणी वेळेवर गेले नव्हते, हेही तितकेच खरे.

या सर्वांत आपल्या मराठी घरांचा संबंध कोठे येतो? एकाच उदाहरणाने सांगतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. 'आचार्यांना' बोलाविणे वेगळे आणि 'आचाऱ्यांना' बोलाविणे वेगळे. हा आडवा अर्धा 'र' हिंदीस लागत नाही. मराठीस त्यावाचून चालत नाही. केवळ हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या टंकात तो नसला, तर बंदिस्त सॉफ्टवेअरच्या धन्याकडे आपण अर्ज करावयाचा आणि त्याला सवड व नफा दिसेल तेव्हा दुरुस्तीची वाट पाहावयाची. मुक्त परवान्याच्या टंकात ती दुरुस्ती कोणीही जाणकार करू शकतो. फायरफॉक्स, लिबरऑफिस यांसारख्या मुक्त साधनांना मराठी रूप मिळाले, तेही कोणाची परवानगी न मागता भाषांतर करता येते म्हणून. आपल्यासारख्या, ज्यांची भाषा त्यांच्या प्रांताची राजभाषा नाही अशा घरांना या सवलतीचे मोल अधिक असले पाहिजे.

मात्र मुभा असणे निराळे आणि काम होणे निराळे. मराठी भाषांतर करणारा कोणी पुढे आला नाही तर पडद्यावरील शब्द इंग्रजीतच राहतात, आणि त्याचा दोष कोणा कंपनीला देता येत नाही. परमुलखातील आपल्या वाचनालयांची कथा याहून वेगळी नाही. ग्रंथ सर्वांना हवे असतात, वर्गणी थोडे देतात, आणि संध्याकाळी कपाट उघडून बसणारे एक-दोघेच असतात. ते थकले की वाचनालय बंद पडते. मग सर्वांना हळहळ वाटते.

म्हणून आमचे सांगणे मर्यादित आहे. ज्यांच्या घरातील मुले संगणकाचे शिक्षण घेत आहेत, त्यांनी मुलांना अशा एखाद्या मुक्त साधनाच्या मराठी रूपात शब्द सुचविण्यास, चूक दिसल्यास ती कळविण्यास सांगावे. ज्यांना तांत्रिक ज्ञान नाही पण मराठी उत्तम येते, अशा निवृत्त शिक्षकांची तर तेथे फारच निकड आहे. ज्यांना सवड नाही त्यांनी आपण नित्य वापरतो त्या एखाद्या साधनाच्या संस्थेस यथाशक्ती देणगी द्यावी. गाव करी ते राव न करी, हे खरेच. पण गावातल्या प्रत्येकाने दुसरा कोणी करील असे म्हटले, तर गावही काही करीत नाही.