सक्तीची सोबत

दोन औषधे एकाच गोळीत घातली की रुग्णाला त्यातले एक वगळता येत नाही. मार्च २०१६मध्ये केंद्र सरकारने अशा ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यामागे या मिश्रणांना पुरेसा वैद्यकीय आधार नाही, हा आक्षेप होता. सॉफ्टवेअरमध्येही अशा मिश्र गोळ्या असतात. त्यांची चर्चा संगणकवाल्यांपुरतीच राहते, आणि रुग्णांच्या नोंदी, एक्स-रे, रक्ताचे अहवाल सर्व्हरवर गेलेले असताना हे बरे नव्हे.

डेबियन या लिनक्स प्रणालीत प्रत्येक पॅकेजसोबत कोणती इतर पॅकेजे लागतात, याची नोंद असते. ‘डिपेंड्स’ म्हणजे ज्याच्याविना काम होणारच नाही. ‘रेकमेंड्स’ म्हणजे बहुतेकांना लागेल, पण वगळता येईल. ‘सजेस्ट्स’ म्हणजे हवे असल्यास. चिठ्ठीवर ‘ताप आला तरच’ लिहिलेले असते, तसेच हे. वर्गवारी उत्तम, पण सगळे पहिल्या रकान्यात टाकले की तक्रारी कमी येतात, हा मोह पॅकेज बांधणाऱ्याला असतोच.

हा मोह किती महाग पडू शकतो, ते मार्च २०२४मध्ये दिसले. दुरून सर्व्हरवर प्रवेश देणाऱ्या ओपनएसएसएचला फाइल दाबून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ची काहीच गरज नाही. पण ‘मी सुरू झालो’ एवढा निरोप सिस्टमडीला देता यावा म्हणून डेबियन, फेडोरा यांनी त्याला सिस्टमडीची लायब्ररी जोडली होती. त्या लायब्ररीला, वेगळ्याच कामासाठी, एक्सझेडची लायब्ररी सक्तीने लागे. एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणी तरी चोरवाट पेरली आणि ती या साखळीने थेट प्रवेशद्वारापर्यंत पोहोचली. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने काढला म्हणून ती स्थिर आवृत्त्यांत शिरण्याआधी सापडली. तो निरोप खरे तर थोड्याच ओळींत देता येतो. ओपनएसएसएचने जुलै २०२४च्या ९.८ आवृत्तीत ती सोय स्वतःच, कोणतीही लायब्ररी न जोडता, करून घेतली. सिस्टमडीनेही एक्सझेड गरज पडली तरच उघडण्याची पद्धत स्वीकारली.

म्हणून सगळे ऐच्छिक करावे, असे नाही. छपाईचे पॅकेज वगळलेले आहे, हे रात्रपाळीला डिस्चार्ज कार्ड छापताना कळले, तर शिव्या खाव्या लागतात त्या परिचारिकेला. वैद्यकीय सॉफ्टवेअर एकत्र आणणाऱ्या ‘डेबियन मेड’चे धोरण यात शहाणपणाचे वाटते. त्यांचे संच बहुतांशी ‘रेकमेंड्स’वर बांधलेले असतात, एखादे पॅकेज नाहीसे झाले, तरी बाकीचा संच कोसळत नाही.

डेबियन शिफारस केलेली पॅकेजे आपोआप बसवते. ओपीडीतल्या संगणकावर ती राहू द्यावीत. नोंदींच्या सर्व्हरवर मात्र ती सोय बंद करून एकेक पॅकेज विचारून घ्यावे, आणि निविदेत पुरवठादाराकडून सक्तीच्या पॅकेजांची कारणांसह यादी मागावी. ती देताना पुरवठादार कुरकुरेल, पण यादी त्याच्याकडे असायलाच हवी.