चामखीळ आणि कर्करोगाचे भय

लोकलच्या डब्यात पत्र्यावर वर्षानुवर्षे चिकटविल्या जाणाऱ्या, ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ सांगणाऱ्या जाहिराती ज्यांनी ठाणे-कल्याणच्या प्रवासात वाचल्या आहेत, त्यांना जननेंद्रियावर चामखीळ उठलेला मनुष्य लाजेपोटी कोणाच्या दारी जातो, हे निराळे सांगावयास नको. त्याआधी घरीच चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावलेला असतो. आणि ती नाजूक त्वचा भाजून जखम चिघळली, की हा कर्करोगच असला पाहिजे, या धास्तीने तो रात्री जागून काढतो.

ही धास्ती बव्हंशी निराधार आहे. चामखीळ आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग ही दोन्ही एचपीव्ही या एकाच विषाणुकुळाची कृत्ये खरी. परंतु त्या कुळात शंभराहून अधिक प्रकार असून त्यांचे स्वभाव भिन्न आहेत. अशा चामखिळींपैकी सुमारे ९० टक्के ज्या ६ व ११ क्रमांकांच्या प्रकारांमुळे उठतात, त्यांपासून कर्करोग होण्याचा संभव अत्यल्प. उलट गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्क्यांच्या मुळाशी असणारे १६ व १८ हे प्रकार बाहेर कोणतीही खूण न दाखविता वर्षानुवर्षे आत ठाण मांडून बसू शकतात. एकाच शरीरात दोन्ही जातींचे विषाणू नांदू शकतात, एवढे मात्र विसरता कामा नये.

आणखी एक गोष्ट मला आग्रहाने सांगावीशी वाटते, कारण तिच्यापायी संसार मोडतात. संसर्ग झाल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत कित्येक आठवडे, महिने, क्वचित वर्षेही लोटतात. सबब आज उठलेली चामखीळ हा पतीच्या वा पत्नीच्या अलीकडच्या वर्तनाचा दाखला होऊ शकत नाही, आणि तिच्या आधारे घरात फिर्याद मांडणे हा उघड अन्याय आहे.

भय धरावयाचे ते गर्भाशयमुखाची तपासणी न होण्याचे. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांना सामावून घेऊन झालेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, केवळ एकदा एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. खेड्यापाड्यांतून जे साधले, ते ठाण्याला आणि कल्याण-डोंबिवलीला का साधू नये? पहाटे डबे भरून डोंबिवलीच्या फलाटावर उभी राहणारी आणि दिवेलागणीनंतर परतणारी स्त्री सकाळच्या ओपीडीच्या रांगेत उभी राहणार कशी, याचा विचार ज्या खात्याने करावयाचा, त्याने कल्याणच्या रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयात रविवारी व सायंकाळी या तपासणीची तजवीज केली पाहिजे. तपासणीच्या जोडीला लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ज्या एचपीव्ही-प्रतिबंधक लसीला २०२२ साली परवानगी मिळाली, ती ६, ११, १६ व १८ या चारही प्रकारांपासून संरक्षण देते. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना ती वेळीच देण्यात आईबापांनी हयगय करू नये.

चामखीळ उठली असेल, तर चुना बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. आणि वयाची तिशी ओलांडलेल्या भगिनींनो, चामखीळ असो वा नसो, गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्याच.