माफीचे गुण

दृष्टिहीन व्यक्तीला न्यायाधीश होताच येणार नाही, असे ठरवून मोकळा झालेला मध्य प्रदेश न्यायिक सेवेचा ६-अ हा नियम सर्वोच्च न्यायालयाने ३ मार्च २०२५ रोजी तेवढ्यापुरता मोडीत काढला. चारच दिवसांनी, ७ मार्चला, विशेष शिक्षकांची पदे मंजूर करा आणि भरा, असे त्याच न्यायालयाने राज्यांना पुन्हा बजावले. पुन्हा, कारण हेच २०२१ मध्येही सांगून झाले होते. न्यायासनाचा दरवाजा उघडला हे उत्तमच झाले. पण तिथवर पोचण्याआधी अपंग मूल दहा-बारा वर्षे शाळेत असते आणि शाळेच्या मैदानावर तोच ६-अ आजही चालू आहे. फक्त तो कुठल्या राजपत्रात छापलेला नाही. पी.टी.च्या तासाला अपंग मुलाला वर्गात बसवून ठेवायचे, नाहीतर मैदानाच्या कडेला इतरांची दप्तरे सांभाळायला लावायचे आणि वर्षअखेरीस प्रगतिपुस्तकात दयेपोटी एखादी श्रेणी टाकून द्यायची, ही सर्रास चालणारी रीत. शाळेच्या भाषेत ही ‘सूट’. ज्या मुलाला काही शिकवलेच नाही, त्याला गुण कशाचे दिले, हे कोणी विचारत नाही.

दिव्यांग हक्क कायदा २०१६चा आहे. त्याच्या १६व्या कलमानुसार इतरांच्या बरोबरीने खेळाची संधी देणे शाळेवर बंधनकारक आहे. १७व्या कलमात अभ्यासक्रम आणि परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करायला सांगितले आहे. त्या कलमात सूट आहे ती दुसऱ्या-तिसऱ्या भाषेपुरती. खेळातून मुलाला माफ करा, असे तिथे कुठेही लिहिलेले नाही. मग मोजायचे कसे, हा शाळांचा ठरलेला प्रश्न. त्याचे उत्तर सीबीएसईच्या बारावीच्या शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात छापलेले आहे. ३० गुणांच्या प्रात्यक्षिकात अशा मुलांसाठी खेलो इंडियाच्या चाचणीऐवजी ब्रॉकपोर्ट चाचणी आहे. तिच्या २७ प्रकारांतून चार घ्यायचे. दमसास, शरीररचना, स्नायूंची ताकद आणि लवचिकता या प्रत्येकातला एकेक. खेळाच्या कौशल्यासाठी बोशिया, बसून खेळायचा व्हॉलीबॉल, व्हीलचेअर बास्केटबॉल, गोलबॉल, अंध क्रिकेट अशी यादीही दिली आहे. म्हणजे मोजपट्टी तयार आहे, वापरायची दानत नाही. आणि ही तरतूद वरच्या वर्गांत हा विषय घेणाऱ्यांसाठी. खालच्या वर्गांत चौथीपासून सगळ्यांना ५० मीटर धाव आणि ६०० मीटर धाव. कॅलिपर लावलेल्या मुलाने ६०० मीटर किती सेकंदांत कापले, या आकड्यातून त्याच्या तंदुरुस्तीविषयी काय कळते? काहीच नाही. २०२३च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शारीरिक शिक्षणाला इतर विषयांच्या पंक्तीला बसवले आहे. त्यामुळे ही श्रेणी यापुढे शोभेची राहणार नाही.

वेगळी चाचणी म्हणजे सोपी चाचणी, मग धडधाकट मुलांवर अन्याय नाही का, असा आक्षेप येतोच. तो घेणाऱ्यांनी पॅरिसकडे पाहावे. आटपाडीच्या सचिन खिलारीने २०२४च्या पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून एफ-४६ गटात रौप्यपदक घेतले; ते मेहेरबानीचे पदक आहे, असे म्हणायची कोणाची छाती नाही. सीहोरचा कपिल परमार आणि जबलपूरची रुबिना फ्रान्सिस ही तर मध्य प्रदेशातलीच, पॅरिसच्या कांस्यपदकांची मानकरी. त्या स्पर्धांत शरीर काय करू शकते ते आधी तपासतात, गट ठरवतात आणि मग त्या गटात काटेकोर मोजतात. शाळा नेमके उलटे करते. प्रमाणपत्रावरचा टक्का पाहते आणि मुलाकडे पाहतच नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या बाबतीत महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी हेच सांगितले: नुसत्या टक्क्यावरून कोणाला बाद करता येणार नाही, क्षमता तपासा. डॉक्टर होण्यासाठी जे लागू, ते सातवीच्या खेळाच्या तासाला लागू नाही?

दुखापत झाली तर जबाबदार कोण, ही भीती खोटी नाही. पण ती भलत्याच ठिकाणी दाखवली जाते. कायद्यातल्या २१ अपंगत्वांमध्ये सिकलसेल आणि हिमोफिलियाही आहेत. सिकलसेलचे मूल दिसायला धडधाकट असते, म्हणून उन्हात पाण्यावाचून इतरांबरोबर पळवले जाते आणि तिथे खरा धोका असतो. झाबुआ-अलीराजपूरच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार आहे, हे काही आजचे ज्ञान नव्हे. व्हीलचेअरवरच्या मुलाला मात्र बोशियाचा चेंडूही हातात मिळत नाही. शिक्षक नाहीत, ही अडचण खरी आहे आणि ती सरकारनेच निर्माण केलेली आहे. पदे भरायची नाहीत आणि मग त्याच कमतरतेची ढाल पुढे करायची, हा जुना खेळ.

उज्जैनला तर ही सबब शोभतच नाही. मध्य प्रदेशात मल्लखांबाला २०१३ मध्ये राज्य खेळाचा दर्जा मिळाला, या शहराच्या योगेश मालवीय यांना मल्लखांबासाठी द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला आणि २०२३ मध्ये झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांतला मल्लखांब इथेच रंगला. मल्लखांबाचे आद्य गुरू बाळंभटदादा देवधरांचा हा वारसा मुंबईत शिवाजी पार्कवर प्रशिक्षक उदय देशपांडे यांनी अंध मुलींपर्यंत नेला. दोरीच्या मल्लखांबावर डोळ्यांआधी पकड लागते, हे त्या मुलींनी दाखवून दिले. सिंहस्थ २०२८साठी शहरात रस्ते-पूल उभे राहत आहेत. त्या मानाने शाळांच्या मूल्यमापनात बदल करायला पैसा जवळपास लागतच नाही. मध्य प्रदेशच्या शालेय शिक्षण विभागाने नवे सत्र सुरू होण्याआधी एक परिपत्रक काढावे: खेळातून सरसकट सूट बंद, प्रत्येक अपंग मुलासाठी ब्रॉकपोर्टसारखी चाचणी पहिल्या वर्गापासून वयानुरूप बदलून, आणि प्रगतिपुस्तकात मुलाने काय केले याची नोंद. हे होईपर्यंत उज्जैनच्या पालकांनी पुढच्या पालकसभेत एवढेच विचारावे, की माझ्या मुलाला खेळात दिलेली श्रेणी कोणत्या चाचणीवर दिली. उत्तर लेखी मागावे.